डॉक्टरांचे निरंतर शिक्षण : श्रेयांकांचे प्रकार आणि त्यांचा अर्थ

(पंचायत समिती सदस्य, ग्रामपंचायतींचे पदाधिकारी, शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी तालुका पातळीवर भरविण्यात आलेल्या अभ्यासवर्गात एका निवृत्त वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा डॉक्टरांचा घरगुती प्रश्न आहे. डॉक्टरांनी किती व्याख्याने ऐकली, त्यांना किती श्रेयांक मिळाले, त्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण कधी झाले, याच्याशी गावाचा काय संबंध? हा संबंध किती निकटचा आहे, ते मी एका अनुभवाने सांगू इच्छितो. हा अनुभव मला अभिमानाचा नाही. म्हणूनच तो आधी सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत होतो. भातकापणीचे दिवस होते. एका शेतमजूर भगिनीस हाताच्या बोटाला सर्पदंश झाला. घरच्यांनी मनगटावर दोरी आवळून तिला केंद्रात आणले. मी प्रथमोपचार केले, आणि विष वर चढू नये म्हणून दंडावर आणखी एक घट्ट बंध बांधला. जिल्हा रुग्णालयात पोहोचेपर्यंत तो सोडू नका, असे बजावून सांगितले. मी विद्यार्थी असताना जे शिकलो होतो, तेच मी प्रामाणिकपणे केले. ती बाई वाचली. परंतु तिची दोन बोटे काढून टाकावी लागली. तेथील डॉक्टरांनी मला नंतर शांतपणे सांगितले, "डॉक्टर, निम्मे काम विषाने केले, निम्मे तुमच्या बंधाने."

घट्ट बंधाने विष थांबते याची खात्री नसते. रक्तपुरवठा मात्र खात्रीने थांबतो. ही गोष्ट त्या वेळी वैद्यकशास्त्राला ठाऊक नव्हती, असे नाही. ती मला ठाऊक नव्हती. पदवी घेतल्यानंतरच्या अठरा वर्षांत शास्त्र पुढे गेले होते आणि मी माझ्या जुन्या वहीपाशी थांबलो होतो. निरंतर वैद्यकीय शिक्षणाचा सारा प्रश्न या एका वाक्यात सामावलेला आहे.

ज्ञान जुने होते

एम.बी.बी.एस.ची पदवी आयुष्यभर टिकते. पदवीतील ज्ञान मात्र आयुष्यभर टिकत नाही. आपल्या सर्वांच्या आठवणीतील दोन उदाहरणे घ्या. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, ही धास्ती खेड्यापाड्यांत अजूनही ऐकू येते. मेंदूच्या ऊतीपासून बनविलेल्या त्या जुन्या लसीचा वापर आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाला. आजची लस वेगळी, ती देण्याची जागा वेगळी, आणि जखम खोल असेल तर लसीबरोबरच जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शन देण्याचे महत्त्वही वेगळे. दुसरे उदाहरण क्षयरोगाचे. राष्ट्रीय कार्यक्रमात पूर्वी आठवड्यातून तीन दिवस औषध देण्याची पद्धत होती. २०१७ पासून ती बदलून रोज औषध देण्याची पद्धत देशभर आणण्यात आली. जो डॉक्टर २००० साली पदवीधर झाला आणि त्यानंतर काहीच शिकला नाही, तो या दोन्ही बाबतींत आज रुग्णाला चुकीचा सल्ला देईल. आणि तो तितक्याच आत्मविश्वासाने देईल.

हा धोका ओळखून निरनिराळ्या देशांनी डॉक्टरांच्या सततच्या शिक्षणाची काही ना काही व्यवस्था उभी केली. शिक्षण झाले की नाही, हे मोजण्यासाठी एक माप लागते. या मापाला डॉक्टरमंडळी 'क्रेडिट पॉइंट' म्हणतात. आपण त्यास 'श्रेयांक' म्हणू. धान्य पायलीने मोजावे तसे शिक्षण श्रेयांकाने मोजले जाते. परंतु पायली भरली म्हणजे धान्य निवडलेले आहे असे होत नाही. तसेच येथेही आहे. म्हणून श्रेयांकांचे प्रकार समजून घेणे अगत्याचे आहे.

अमेरिकेतील व्यवस्था : दोन मुख्य वर्ग

श्रेयांकांची वर्गवारी सर्वांत तपशीलवार रीतीने अमेरिकेत झाली आहे, म्हणून तिच्यापासून प्रारंभ करतो. अमेरिकेतील कुटुंबवैद्यांची जी राष्ट्रीय संघटना १९४७ साली स्थापन झाली, तिने आपल्या सभासदत्वासाठी निरंतर शिक्षण आवश्यक ठरविले. तीन वर्षांत १५० श्रेयांक, असा तिचा नियम आहे. पुढे १९६८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने सतत शिकत राहणाऱ्या डॉक्टरांसाठी एक मान्यतापत्र सुरू केले. आज तेथे प्रचलित असलेली श्रेयांकांची पद्धत त्या मान्यतापत्रातून वाढली. १९७१ मध्ये न्यू मेक्सिको या राज्याने परवान्याच्या नूतनीकरणासाठी असे शिक्षण प्रथम सक्तीचे केले आणि हळूहळू बहुतेक राज्यांनी तो मार्ग स्वीकारला. वैद्यक परवाना तेथे राज्ये देतात. म्हणून किती श्रेयांक, किती वर्षांत आणि कोणत्या प्रकारचे, हे प्रत्येक राज्यात निराळे असते.

या पद्धतीत श्रेयांकांचे दोन मुख्य वर्ग आहेत.

पहिला वर्ग मान्यताप्राप्त शिक्षणाचा. कार्यक्रम घेणाऱ्या संस्थेला अधिमान्यता असली पाहिजे, आणि त्या विशिष्ट कार्यक्रमाला किती श्रेयांक मिळतील हे कार्यक्रमाआधीच ठरलेले असले पाहिजे. कार्यक्रम उरकल्यावर मागाहून मान्यता मिळत नाही. अशा संस्थांची तपासणी करून त्यांना अधिमान्यता देणारे स्वतंत्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. डॉक्टरने एक तास शिक्षणात घालविला की साधारणपणे एक श्रेयांक मिळतो. पाव तासास पाव श्रेयांक, असा त्याचा हिशेब ठेवतात. जो अर्धाच वेळ उपस्थित राहिला, त्याने अर्धाच श्रेयांक घ्यावा, अशी अपेक्षा असते.

दुसरा वर्ग स्वाध्यायाचा. डॉक्टरने स्वतः केलेले वाचन, सहकाऱ्यांशी रुग्णांविषयी केलेली चर्चा, विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी केलेली तयारी, या गोष्टी या वर्गात येतात. येथे कोणी प्रमाणपत्र देत नाही. डॉक्टर स्वतःच नोंद ठेवतो आणि स्वतःच हिशेब सांगतो. ही व्यवस्था विश्वासावर चालते. आणि त्याच कारणाने परवाना देणारी मंडळे पहिल्या वर्गातील श्रेयांकांवर अधिक भर देतात.

येथे एक विचार मनात येतो. रात्री अकरा वाजता एखाद्या अवघड रुग्णासाठी डॉक्टर पुस्तक उघडतो, तेव्हा तो जे शिकतो ते बहुधा कधीच विसरत नाही. हे शिक्षण दुसऱ्या वर्गात बसते. उलट, वातानुकूलित सभागृहात शेवटच्या रांगेत डोळे मिटून घालविलेला तास पहिल्या वर्गात बसू शकतो. तेव्हा वर्ग पहिला म्हणजे शिक्षण श्रेष्ठ, असे समजण्याचे कारण नाही. पहिला वर्ग म्हणजे ज्याचा पुरावा दुसऱ्याला तपासता येतो असे शिक्षण, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या वर्गातील विविध मार्ग

पहिल्या वर्गाचे श्रेयांक केवळ व्याख्याने ऐकून मिळतात, असाही एक गैरसमज आहे. प्रत्यक्ष परिषदा व कार्यशाळा हा एक मार्ग झाला. ध्वनिचित्रफीत, छापील पाठ किंवा संगणकावरील पाठ अभ्यासून परीक्षा देणे हा दुसरा मार्ग. नियतकालिकातील ठरावीक लेख वाचून प्रश्नांची उत्तरे दिल्यास प्रत्येक लेखाला एक श्रेयांक असतो. परीक्षांसाठी प्रश्न तयार करणे आणि शास्त्रीय लेखाचे परीक्षण करणे यांनाही श्रेयांक आहेत. लेखाच्या चांगल्या परीक्षणास तीन आणि प्रश्न तयार करण्याच्या पूर्ण केलेल्या उपक्रमास दहा. रुग्ण तपासताना उद्भवलेली शंका त्याच वेळी विश्वसनीय आधार पाहून सोडविली, तर अर्धा श्रेयांक मिळू शकतो.

या सर्वांत मला अधिक महत्त्वाचा वाटणारा मार्ग आपल्याच कामाच्या तपासणीचा आहे. डॉक्टरने आपल्या रुग्णांच्या नोंदी काढावयाच्या, आपण कोठे कमी पडतो ते पाहावयाचे, कामात बदल करावयाचा, आणि काही काळाने पुन्हा नोंदी काढून सुधारणा झाली काय ते तपासावयाचे. हे सर्व टप्पे पूर्ण करणाऱ्यास वीस श्रेयांक मिळतात. वीस तास व्याख्यान ऐकण्याच्या बरोबरीचे मोल या कामाला दिले आहे, ते योग्यच आहे. आपल्या आरोग्य केंद्रात किती बाळंतिणींचे हिमोग्लोबिन तपासले, आणि ज्यांचे कमी होते त्यांतील कितींना पुढे उपचार मिळाले, हा हिशेब मांडणारा डॉक्टर त्या महिन्यात खूप काही शिकतो.

याखेरीज काही कामांचे श्रेयांक संघटनेकडे थेट अर्ज करून मिळतात. मान्यवर नियतकालिकात शोधलेख प्रसिद्ध करणे, परिषदेत भित्तिपत्राद्वारे संशोधन मांडणे आणि इतर डॉक्टरांना शिकविणे ही कामे त्यांत मोडतात. शिकविणाऱ्यास व्याख्यानाच्या एका तासाला दोन श्रेयांक मिळतात. शिक्षक बंधूंना याचे कारण सांगण्याची गरज नाही. एक तास शिकविण्यासाठी घरी किती तास बसावे लागते, हे आपण जाणताच.

आणखी दोन प्रकारांचा उल्लेख करतो. ऑस्टिओपॅथी या शाखेतील डॉक्टर व कुटुंबवैद्य यांच्या संघटनांनी आपापली वेगळी वर्गवारी केली आहे. नावे निराळी असली तरी 'आधी मान्यता घेतलेले' आणि 'स्वतः निवडलेले' हा भेद त्यांतही दिसतो. दुसरा प्रकार विषयनिहाय सक्तीचा. एखाद्या प्रश्नाने समाजात गंभीर रूप धारण केले, तर त्याच विषयाचे ठरावीक तास पूर्ण करण्याचे बंधन घातले जाते. व्यसन जडविणाऱ्या वेदनाशामक औषधांनी अमेरिकेत फार मोठी हानी केली. त्यानंतर अशी नियंत्रित औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना या विषयाचे आठ तासांचे प्रशिक्षण एकदा पूर्ण करणे केंद्रीय कायद्याने आवश्यक केले, आणि २०२३ च्या जूनपासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. डॉक्टरला काय आवडते एवढ्यावर शिक्षण सोडून चालत नाही; लोकांची गरज काय आहे तेही पाहावे लागते, हे तत्त्व यातून स्पष्ट होते.

इंग्लंडची वाट थोडी निराळी आहे. तेथे डिसेंबर २०१२ पासून प्रत्येक डॉक्टरला साधारणतः पाच वर्षांनी आपली पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागते. विशेषज्ञांच्या महाविद्यालयांनी वर्षाला ५० श्रेयांकांचा दंडक सुचविला आहे. परंतु खरा भर वार्षिक मूल्यमापनावर असतो. आपण काय शिकलो आणि त्यामुळे आपल्या कामात कोणता बदल झाला, हे डॉक्टरने लिहून दाखवावयाचे असते.

आपल्याकडील नियम

आता आपल्या घराकडे वळू. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाविषयी विनियम केले. प्रत्येक डॉक्टरने पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांत भाग घ्यावा आणि त्याची माहिती परिषदेस द्यावी, अशी तरतूद त्यांत आहे. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये त्या परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम प्रसिद्ध केले; मात्र त्याच महिन्यात ते स्थगित ठेवून २००२ चेच विनियम पुन्हा लागू करण्यात आले.

महाराष्ट्रात डॉक्टरांची नोंदणी १९६५ च्या अधिनियमानुसार महाराष्ट्र वैद्यक परिषद करते. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी ३० श्रेयांकांची अपेक्षा ठेवण्यात आली आहे. ज्या संस्था कार्यक्रम घेतात त्यांनी परिषदेची मान्यता घ्यावयाची असते, आणि कार्यक्रमावर देखरेखीसाठी निरीक्षक नेमण्याची पद्धतही आहे. म्हणजे अमेरिकेतील पहिल्या वर्गाशी जुळणारा असाच हा प्रकार आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. ही परिषद आधुनिक वैद्यक शाखेच्या डॉक्टरांसाठी आहे. आयुर्वेद व होमिओपॅथी या शाखांच्या परिषदा स्वतंत्र आहेत. आपल्या गावातील डॉक्टर कोणत्या परिषदेकडे नोंदलेले आहेत, हे ठाऊक असणे कोणत्याही पंचायत सदस्यास उपयोगाचे आहे; कारण ज्याची कोठेच नोंदणी नाही, त्याच्या बाबतीत निरंतर शिक्षणाचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे प्रश्न वेगळाच असतो.

विनियमातील तीस तासांचा साधा हिशेब करून पाहू. पाच वर्षे म्हणजे साठ महिने. साठ महिन्यांत तीस तास म्हणजे महिन्याला अर्धा तास. शिक्षक बंधूंनी हा आकडा आपल्याशी ताडून पाहावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे. मुलांना शिकविणाऱ्याने वर्षाला पन्नास तास आणि त्याच मुलांवर उपचार करणाऱ्याने सहा तास! देशोदेशींची मापे वेगळी असल्याने आकड्यांची तंतोतंत तुलना करता येणार नाही, हे मान्य. तरीही डॉक्टरांसाठी ठेवलेली अपेक्षा जड आहे असे म्हणता येणार नाही. ती किमान मर्यादा आहे, आणि उंबरठा ओलांडला म्हणजे घर बांधून झाले असे होत नाही.

व्यवस्थेतील तीन उणिवा

ही पद्धती उपयुक्त असली तरी निर्दोष नाही, हे सांगितल्याशिवाय माझे भाषण प्रामाणिक होणार नाही.

पहिली उणीव अशी की, श्रेयांक बसण्याचा मिळतो, शिकण्याचा मिळतोच असे नाही. केवळ व्याख्याने ऐकून डॉक्टरांच्या प्रत्यक्ष कामात विशेष बदल होत नाही. चर्चा, सराव आणि रुग्णांची उदाहरणे यांची जोड असेल तर बदल होतो, असा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या आढाव्यात काढण्यात आला होता. माझा अनुभवही तोच आहे.

दुसरी उणीव पैशाची. परिषदांचा खर्च कोण करतो? जो खर्च करतो त्याचा हात विषयाच्या निवडीपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. औषध कंपनीने भोजन दिले आणि व्याख्यानही तिच्याच औषधाचे, असे होऊ नये म्हणून अमेरिकेत आशयावर कंपनीचे कोणतेही नियंत्रण असू नये असे दंडक घातले आहेत. आपल्याकडेही २००९ मध्ये आचारविनियमांत दुरुस्ती करून डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटवस्तू व प्रवासखर्च घेण्यास मनाई करण्यात आली. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने औषध कंपन्यांसाठी जी संहिता जाहीर केली, तिच्यात निरंतर शिक्षणाच्या नावाखाली परदेशात कार्यक्रम घेण्यास बंदी आहे.

तिसरी उणीव अंतराची. कार्यक्रम होतात ते बहुधा मोठ्या शहरांत. दुर्गम तालुक्यातील एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याने एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी दोन दिवस केंद्र सोडावयाचे, आणि त्या दोन दिवसांत बाळंतीण अडली तर दोष कोणाचा? संगणकावरील पाठांनी ही अडचण काही अंशी दूर झाली आहे. परंतु नवजात बालकाचा श्वास कसा सुरू करावा, हे पडद्यावर पाहून हातांना शिकता येत नाही.

खेड्यातूनही ज्ञान निर्माण होते

अंतराचा प्रश्न खरा असला तरी, खेड्यातील डॉक्टरने केवळ शहराकडून ज्ञान घ्यावे असे मुळीच नाही. रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. कोकणातील लाल विंचवाचा दंश हृदयावर कसा आघात करतो, यासंबंधीचा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. पुढे प्राझोसिन या औषधाचा त्यांनी केलेला वापर अनेकांचे प्राण वाचविणारा ठरला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. रुग्णाच्या उशाशी बसून रात्रभर नाडी व रक्तदाब टिपण्याचे श्रेयांक कोणी त्यांना दिले नव्हते. निरंतर शिक्षण कशास म्हणावे, याचे याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही.

आपण काय करू शकतो?

पंचायत सदस्य, अधिकारी व शिक्षक यांच्याकडून डॉक्टरांच्या विद्वत्तेची परीक्षा घेण्याची अपेक्षा नाही. परंतु काही गोष्टी आपल्या हाती निश्चित आहेत.

पहिली गोष्ट, प्रशिक्षणाला गेलेला डॉक्टर म्हणजे कामचुकार डॉक्टर, ही समजूत सोडून द्यावी. ग्रामसभेत "डॉक्टर जागेवर नव्हते" अशी तक्रार आली, तर ते कोठे गेले होते आणि त्यांच्या जागी दुसरी व्यवस्था केली होती काय, हे आधी विचारावे. व्यवस्था नसेल तर ती करवून घेण्यासाठी वरिष्ठांकडे पाठपुरावा करावा.

दुसरी गोष्ट, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत औषधसाठा व इमारत यांबरोबरच प्रशिक्षणाचा विषयही घ्यावा. वर्षभरात डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेवक यांनी कोणते प्रशिक्षण घेतले, आणि त्यानंतर केंद्रातील कोणती पद्धत बदलली, असा साधा प्रश्न विचारावा. किती श्रेयांक मिळाले, यापेक्षा काय बदलले, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

तिसरी गोष्ट, शिकलेले वापरण्यासाठी साधने हवीत. सर्पदंशाच्या रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलविता ठेवावयाचे आणि ते गोठते की नाही हे पाहावयाचे, ही अगदी सोपी तपासणी आहे. रक्त गोठले नाही तर घोणस किंवा फुरसे यांच्यासारख्या सापाच्या विषाने रक्तावर परिणाम केल्याची ती खूण असते. या तपासणीस यंत्र लागत नाही. लागते ती काचेची नळी. डॉक्टर प्रशिक्षण घेऊन आले आणि केंद्रात काचेची नळी नाही, प्रतिसर्पविष नाही, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय? ही उणीव आपल्या लक्षात आल्यास ती बैठकीत मांडणे आपले काम आहे.

चौथी गोष्ट शिक्षकांसाठी. डॉक्टर नवे शिकतात, तसे गावालाही नवे शिकावे लागते. सर्पदंशाच्या जागी कापू नये, घट्ट बांधू नये, दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णास लवकरात लवकर रुग्णालयात न्यावे, हा पाठ शाळेतील मुले घरोघर पोहोचवू शकतात. डॉक्टर सुधारले आणि गाव जुन्या समजुतींपाशी राहिले, तर रुग्ण केंद्रात पोहोचण्याआधीच नुकसान होऊन गेलेले असते.

समारोप

मी ज्या भगिनीविषयी आरंभी बोललो, तिच्या प्रसंगानंतर काही वर्षांनी मला सर्पदंशाच्या उपचारांचे प्रशिक्षण मिळाले. एका दुपारचे, तीन तासांचे. तेथे प्रथमच मी रक्त न गोठलेली काचेची नळी हातात धरून पाहिली, आणि घट्ट बंध का बांधू नये, हे मला कारणांसह समजले. त्या दुपारचा श्रेयांक माझ्या नावावर जमा झाला की नाही, हे मला आज आठवत नाही. पण त्यानंतर माझ्या केंद्रात मी कोणालाही बंध बांधला नाही, आणि बांधून आणलेल्या रुग्णाचा बंध प्रतिसर्पविषाची तयारी ठेवून काळजीपूर्वक सोडविला जाऊ लागला.

पुढे एकदा आठवडी बाजारात ती भगिनी मला भेटली. भाजीची जुडी तिने उरलेल्या तीन बोटांत धरली होती. तिने मला ओळखले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही वाचवलंत," असे म्हणाली आणि पैसे न घेता ती जुडी माझ्या पिशवीत टाकली. मी तिला खरी हकीकत सांगू शकलो नाही. आज आपल्यापुढे ती सांगितली.

श्रेयांक पहिल्या वर्गाचा असो की दुसऱ्या, व्याख्यानाचा असो की स्वाध्यायाचा, तो कागदावर डॉक्टरच्या नावाने लिहिला जातो. त्याचा लाभ किंवा तोटा मात्र अशा एखाद्या हाताच्या वाट्याला येतो. एवढे लक्षात ठेवून आपण आपल्या केंद्रातील डॉक्टरांना शिकण्यासाठी सवड द्यावी, साधने द्यावीत आणि शिकलेल्याचा हिशेबही मागावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!